कौल आणि गाऱ्हाणे

‘कौल’ ह्या शब्दाने मराठी भाषेत मोठा प्रवास केला आहे. शब्द मूळचा अरबी. अर्थ बोल किंवा वचन. आपल्या जुन्या राज्यव्यवहारात पडीत जमीन लागवडीस आणू पाहणाऱ्या रयतेला सरकार अभय देत असे, सारा अमुक वर्षे अमुकच घेऊ असे लिहून देत असे. त्या लेखास कौलनामा म्हणत. तेथे कौल देणारा राजा आणि घेणारी प्रजा. पुढे दक्षिण कोकणात व गोमंतकात हाच शब्द देवळाच्या गाभाऱ्यात स्थिरावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा पाने लावावयाची, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि उजवीकडील पाकळी प्रथम पडली तर देवाची अनुज्ञा व डावीकडील पडली तर निषेध समजावयाचा, अशी तेथील रीत. येथे कौल देणारा देव आणि घेणारा भक्त. लोकशाहीच्या काळात शब्दाने तिसरे स्थित्यंतर केले. निवडणुकीच्या निकालास वर्तमानपत्रे ‘जनतेचा कौल’ म्हणू लागली, आणि कौल देण्याचा अधिकार राजाकडून व देवाकडून निघून सामान्य मतदाराच्या हाती आला. ह्या एका शब्दाच्या इतिहासात आपल्या राजकीय जीवनाची सारी क्रांती साठविलेली आहे असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु देवळातल्या कौलाचा एक नियम आहे, आणि तो शब्दाबरोबर मतपेटीपर्यंत आला किंवा नाही ह्याची मला शंका वाटते. तेथे गाऱ्हाणे स्पष्ट शब्दांत घातल्याखेरीज कौल लावता येत नाही. आणि ज्या कामासाठी गाऱ्हाणे घातले त्या कामापुरताच मिळालेला कौल लागू पडतो. मुलीच्या लग्नाविषयी पाकळी उजवी पडली म्हणून त्याच बळावर घरधनी वडिलार्जित शेत विकावयास निघाला, तर गावातले चार शहाणे लोक त्याला म्हणतील, ‘अरे, देवाला तू हे विचारलेच कुठे होतेस?’ लोकांच्या कौलाच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारे शहाणे लोक फार थोडे आढळतात. निवडणूक जिंकणारा पक्ष आपल्या जाहीरनाम्यातील प्रत्येक ओळीवर लोकांची मोहोर उमटली असे धरून चालतो, आणि हरणारा पक्ष लोक फसले असे म्हणून समाधान मानतो. एका प्रश्नाला मिळालेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावण्याचा अधिकार जिंकणाऱ्यास पोचतो काय, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. आणि त्याचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावर केलेला बरा. असे उदाहरण आपल्या अगदी शेजारी, गोमंतकाच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, व तिच्या पाठोपाठ घडलेल्या घटनांत सापडते.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतले, तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्यापुढे त्यांनी शरणागती पत्करीपर्यंत साडेचारशेंहून अधिक वर्षे लोटली. ह्या काळातील शेवटची काही दशके सालाझारच्या हुकूमशाहीची होती. मोकळेपणाने सभा भरविणे, मनातले छापणे, पक्ष काढणे ह्या गोष्टी तेथे गुन्ह्यात जमा होत्या. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी बंदी मोडून भाषण करण्याचा प्रयत्न केला व त्यांना अटक झाली, ही हकिकत सर्वश्रुतच आहे. मताधिकार होता तो मोजक्या लोकांचा, आणि त्यालाही सत्तेचे बळ नव्हते. मुक्तीनंतर प्रथम मेजर जनरल कॅन्डेथ ह्यांच्या हाती लष्करी प्रशासन आले. १९६२ साली घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या कायद्याने त्याला विधानसभा मिळाली, आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी तिच्यासाठी मतदान झाले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना राज्य कोणी करावे हे कधी कोणी विचारले नव्हते, अशा पेडण्याच्या कुळाला, काणकोणच्या कष्टकऱ्याला, साष्टीच्या मच्छीमारणीला तो प्रश्न त्या दिवशी प्रथम विचारला गेला.

उत्तर अनेकांस अनपेक्षित होते. स्वातंत्र्य मिळवून देणारा पक्ष म्हणून देशभर मान असलेल्या काँग्रेसला खुद्द गोव्यातील २८ जागांपैकी एकही मिळाली नाही. तिची एकुलती जागा दमणमधून आली. दयानंद बांदोडकर ह्यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १४ जागा जिंकल्या, आणि डॉ. जॅक सिक्वेरा ह्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने १२. दोन अपक्ष निवडून आले. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. दुसऱ्याचे असे की गोव्याने आपले वेगळे अस्तित्व राखावे. डिसेंबरातच बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि विलीनीकरणवाद्यांनी जाहीर केले की लोकांचा कौल मिळाला. १९६५ च्या प्रारंभी गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, व पाठोपाठ महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही तसाच ठराव केला.

ह्या भूमिकेचे बळ कमी लेखणे अन्यायाचे होईल. पक्षाच्या नावातच त्याचा हेतू लिहिलेला होता. तेव्हा मतदारापासून काही लपविले असा आरोप त्याच्यावर येत नाही. गोमंतकातील देवळांतून कीर्तने मराठीत होत, नाटके मराठीत होत, हिंदू घरांतून पोथ्या मराठीत वाचल्या जात. नव्या काबिजादींतल्या बहुजन समाजाला मराठी शाळा हेच ज्ञानाचे व मानाचे दार वाटत होते. विलीनीकरणाचा पक्ष केवळ एका धर्माचा होता असेही नाही. गोवा मुक्तीच्या लढ्यातील एक अग्रणी पीटर अल्वारिस हे त्या बाजूचे होते. आणि आमच्यासारख्या महाराष्ट्रातील मराठी वाचकांना तर हा प्रश्न नुसता तर्काचा नव्हताच. मंगेशी व शांतादुर्गा ह्या कुलदैवतांना नवस बोलणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना गोवा परका वाटावा कसा? घर आपले आहे, माणसे आपली आहेत, मग मधली भिंत कशाला, अशी ती सरळ भावना होती, आणि तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

तरीही प्रश्न उरतोच. १९६३ साली सत्तारूढ पक्षाला मत देणाऱ्याने नेमके कशाला मत दिले? निवडणुकीतले मत ही एक गाठोडी असते. तिच्यात उमेदवाराचे नाव असते, पक्षाचे चिन्ह असते, जातीचे व गावाचे लागेबांधे असतात, जुन्या अन्यायांची चीड असते, आणि पुढच्या आशाही असतात. गोमंतकात कुळाला भाटकाराचे भय होते. मुंडकाराला ज्या जमिनीवर त्याची खोपटी उभी ती जमीन कधी सुटेल ह्याची शाश्वती नव्हती. बांदोडकरांच्या पक्षाने ह्या वर्गाला प्रथमच असे सांगितले की राज्य तुमचेही आहे. पुढे १९६४ साली त्यांच्या सरकारने कूळकायदा केला, खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, ह्यावरून ती आशा पोकळ नव्हती हे दिसते. अशा स्थितीत एखाद्या कुळाने सिंहाच्या चिन्हापुढे खूण केली, ती महाराष्ट्रासाठी केली की भाटकाराच्या दारात ताठ मानेने उभे राहता यावे म्हणून केली, हे मतपत्रिका कशी सांगणार? गाठोडी सोडून पाहण्याचे साधन तिच्यात नाही. शिवाय गोव्यातील २८ पैकी १४ ही बरोबर निम्मी संख्या होय. राज्य चालविण्यापुरते बहुमत अपक्षांच्या मदतीने जमविता येते; एका प्रदेशाचे स्वतंत्र अस्तित्व संपविण्यास तेवढे पुरेसे मानावे काय, हा निराळा प्रश्न आहे.

येथे कोणी एडमंड बर्कचा आधार घेईल. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांसमोर बर्कने असा विचार मांडला की प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप पोचविणारा जासूद नसतो. आपली विवेकबुद्धी वापरून निर्णय करणे हेच त्याचे त्यांच्याविषयीचे कर्तव्य. हा विचार मला मान्य आहे. प्रत्येक कायद्यासाठी लोकांना हाक मारावयाची तर विधिमंडळे हवीत कशाला? परंतु बर्कने प्रतिनिधीला दिलेले स्वातंत्र्य हे मुखत्याराचे स्वातंत्र्य आहे. मुखत्याराने मिळकत सांभाळावी, खंड वसूल करावा, दुरुस्त्या कराव्या, प्रसंगी मालकाला न रुचणारा खर्चही करावा. हे सारे मुखत्यारपत्रात बसते. मालकाचे खातेच दुसऱ्याच्या खात्यात मिळवून टाकावयाचे असेल, तर त्याला त्याच कामाचा निराळा, स्पष्ट अधिकार लागतो. दोन्ही कामे एकाच मुखत्याराने केली तरी त्यांची जात वेगळी. पहिल्या जातीच्या कामात चूक झाली तर मालक उद्या मुखत्यार बदलील. दुसऱ्या जातीचे काम एकदा झाले की बदलणारा मालकच उरत नाही.

माझ्या मते ह्या साऱ्या वादाची किल्ली येथे आहे. लोकशाहीत बहुमताला आपण जो मोठा अधिकार देतो, त्याच्या पाठीशी एक न लिहिलेली अट असते: आजच्या बहुमताने उद्याच्या बहुमताचा मार्ग मोकळा ठेवावा. कर वाढविला तर कमी करता येतो. कायदा केला तर रद्द करता येतो. मंत्रिमंडळ नको झाले तर पाच वर्षांनी घालविता येते. हरणारा पक्ष हार सहन करतो, ती ह्याच भरवशावर. परंतु जो निर्णय एकदा झाला की तो फिरविण्यास लागणारी सभाच नाहीशी होते, त्याला हा भरवसा लागू पडत नाही. तीस सभासदांची विधानसभा एका मोठ्या राज्याच्या विधिमंडळात मिसळली की ‘आम्हांला पुन्हा विचार करावयाचा आहे’ असे म्हणावयास गोमंतकाजवळ तोंडच राहिले नसते. म्हणून, निर्णय जितका अपरिवर्तनीय, तितके गाऱ्हाणे अधिक स्पष्ट व कौल अधिक थेट असला पाहिजे, असा नियम मला नीतीच्या दृष्टीने अपरिहार्य वाटतो.

ह्यावर कायद्याचा आक्षेप येऊ शकतो, आणि तो खरा आहे. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यासाठी तेथील लोकांचे मतदान घ्यावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. १९५६ साली देशाचा अर्धाअधिक नकाशा नव्याने आखला गेला, तो अशा मतदानाशिवायच. तेव्हा गोमंतकीयांना वेगळे विचारण्याचे कायदेशीर बंधन दिल्लीवर नव्हते. पण ज्या ठिकाणी कायद्याचे बंधन संपते त्याच ठिकाणी नीतीचा प्रश्न सुरू होतो. अधिकार असूनही विचारणे, ह्यातच विचारण्याचे मोल आहे. गोव्याचे वेगळेपण जपण्याचे आश्वासन पंडित नेहरूंनी दिले होते, आणि त्यांच्या पश्चात पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या गोमंतकीय काँग्रेसजनांनी दिल्लीत हाच आग्रह चालू ठेवला. अखेरीस १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. बांदोडकरांचे मंत्रिमंडळ सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही अशी विरोधकांची तक्रार होती. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट आली. मिळालेले मुख्यमंत्रिपद एका प्रश्नाच्या उत्तरासाठी सोडून देणे, ही गोष्ट राजकारणात रोज घडणारी नव्हे, आणि ती विलीनीकरणवादी नेत्याने केली हे विसरता कामा नये.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ह्या वेळी उमेदवार नव्हते, पक्षांची नेहमीची चिन्हे नव्हती. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, एवढ्याच दोन खुणा. देवळातला कौल फुलापानांनीच लावतात, हा योगायोग कोणा गोमंतकीयाच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल. गाऱ्हाणे एक, आणि तेही स्पष्ट. त्या आधीचा प्रचार तर वाचण्यासारखा होता. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लेखन मडगावच्या ‘राष्ट्रमत’ ह्या दैनिकात येत होते, आणि ते दैनिक मराठी होते. उदय भेंब्रे ह्यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच गाजले. महाराष्ट्रात जाऊ नये हे लोकांना मराठीतून पटवून देण्यात आले! भाषेची आपुलकी आणि राज्याची एकी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ह्याचा ह्याहून बोलका पुरावा कोणता?

निकाल असा लागला: विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, विरुद्ध १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे. दर शंभर मतदारांपैकी ऐंशीहून अधिक लोकांनी मतदान केले होते. तेव्हा लोक उदासीन राहिले असे म्हणण्यास जागा उरली नाही. परंतु ह्या गोष्टीचा खरा बोध निकालात नसून त्यानंतरच्या अडीच महिन्यांत आहे. २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. युनायटेड गोवन्स पक्षाच्या १२ जागा १२ च राहिल्या. एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

लोकांना चंचल म्हणणारे पंडित येथे हसतील. जानेवारीत ज्याचे मुख्य म्हणणे नाकारले त्यालाच मार्चमध्ये राज्य दिले, ही कसली बुद्धी? मला तर ह्यात विलक्षण समंजसपणा दिसतो. मतदाराने दोन प्रश्नांची दोन उत्तरे दिली. राज्य कोणी चालवावे? ज्याने आमची दखल घेतली, त्याने. गोवा वेगळा राहावा काय? राहावा. ह्या दोन उत्तरांत विसंगती वाटते ती, दोन्ही प्रश्न एकच आहेत असे आपण आधीच ठरवून टाकल्यामुळे. १९६३ साली ते एका गाठोडीत बांधलेले होते. १९६७ साली गाठ सोडली, तेव्हा आतल्या दोन वस्तू दोन दिशांना गेल्या. मधल्या तीन वर्षांत काही लोकांची मते बदलली असतील, हे शक्य आहे. परंतु जानेवारी व मार्च ह्यांच्यामधील अंतराचा उलगडा त्याने होत नाही. पहिल्या निवडणुकीचा कौल विलीनीकरणाचा कौल म्हणून अमलात आणला असता, तर ज्यांनी तो दिला त्यांच्यापैकीच अनेकांवर अन्याय झाला असता.

येथपर्यंतचा युक्तिवाद वाचून कोणास वाटेल की थेट जनमत हाच सर्व रोगांवरील उपाय. तसे मला सुचवावयाचे नाही. थेट कौलालाही गाऱ्हाण्याच्या मर्यादा असतात, आणि गाऱ्हाणे कोण घालतो ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. १९६७ साली मतदारापुढे दोनच पर्याय होते: महाराष्ट्र किंवा केंद्रशासित प्रदेश. स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय त्याला विचारलाच गेला नाही. तो गोव्याला मिळावयास ३० मे १९८७ हा दिवस उजाडावा लागला. पोटापाण्यासाठी मुंबईस व इतरत्र गेलेल्या गोमंतकीयांनाही मत मिळावे अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा ‘लोक’ म्हणजे कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर कौल लावण्यापूर्वीच कोणीतरी देऊन ठेवलेले असते. आणि जिंकणाऱ्यांचा मोह तर येथेही सुटला नाही. विलीनीकरण नको ह्या उत्तराचा अर्थ मराठी नको असा करणारे लोक निघाले, तसेच १,३८,१७० मतांकडे बोट दाखवून कोंकणीला भाषा म्हणून मानावयास नकार देणारेही निघाले. कागदावर भाषेचा प्रश्न नव्हताच. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले व मराठीच्या शासकीय वापरासही वाव ठेवला. पण तेथवर येईतो बरीच कटुता होऊन गेली. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कौलातून काढण्याची खोड एका पक्षाची नाही.

आणखी एक गोष्ट ह्या प्रसंगात मला विशेष वाटते. जो प्रश्न हरला त्याचे पुरस्कर्ते सत्तेवर आले. आणि सत्तेवर येऊनही त्यांनी हरलेला प्रश्न मागल्या दाराने आत आणला नाही. बांदोडकर १९७३ साली वारले, तोपर्यंत मुख्यमंत्री होते. त्यांच्यामागून त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर ह्यांनी १९७९ पर्यंत राज्य चालविले. ज्या पक्षाच्या नावात महाराष्ट्र होता त्या पक्षाने महाराष्ट्रापासून वेगळ्या राहिलेल्या गोव्याचा कारभार एक तप वाहिला. कौल आपल्याविरुद्ध गेला तरी तो पाळणे ह्याला लोकशाहीत फार किंमत आहे, कारण जिंकणाऱ्याने नियम पाळणे सोपे असते. जुन्या कौलनाम्यात राजा रयतेला अभय देत असे. आजच्या कौलात अभय उलट दिशेनेही वाहावे लागते: ज्यांनी आपल्याविरुद्ध मत दिले त्यांना जिंकणाऱ्याने, आणि ज्या निर्णयाविरुद्ध आपण लढलो त्या निर्णयाला हरणाऱ्याने, असे ते दुहेरी अभय आहे.

मराठी वाचकाला हा विचार कटू लागण्याचे कारण नाही. उलट त्याच्याच इतिहासाने त्याला तो शिकविला आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करताना आपले म्हणणे काय होते? आमच्या भवितव्याचा निर्णय दिल्लीत बसून आमच्या इच्छेविरुद्ध करू नका, हेच. त्या मागणीसाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १९५७ च्या निवडणुकीत मतदारांनी आपला रोष प्रकट केला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. जो न्याय आपण स्वतःसाठी मागितला तो धाकट्या शेजाऱ्याला देताना हात आखडता घेणे शोभण्यासारखे नव्हते. आपण थोर आणि तो लहान, आपली भाषा विस्ताराने मोठी आणि त्याची थोड्या लोकांची, ह्या गोष्टींनी त्या न्यायात फरक पडत नाही. प्रेमाचा दावा कितीही खरा असला तरी ज्याच्यावर प्रेम आहे त्याला विचारण्याची गरज त्याने संपत नाही. नात्यातल्या माणसांत तर ती अधिकच असते, कारण तेथे नकार द्यावयास संकोच वाटतो.

तेव्हा प्रारंभी घातलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मी असे देतो. निवडणूक जिंकणाऱ्यास राज्य करण्याचा अधिकार मिळतो, आणि तो पूर्ण मिळतो. त्यात अल्प मताधिक्याची सबब सांगून खोडा घालणे बरोबर नाही. परंतु जे एकदा केले म्हणजे परत फिरविता येत नाही ते करण्याचा अधिकार त्या विजयात आपोआप समाविष्ट होत नाही. त्यासाठी तोच प्रश्न, तेवढाच प्रश्न, लोकांपुढे नव्याने ठेवला पाहिजे, आणि उत्तर आल्यावर ते विचारलेल्या प्रश्नाच्या पुढे एक पाऊलही ताणता कामा नये. असे केल्याने पुष्कळदा आपल्या मनासारखे होणार नाही. १९६७ साली महाराष्ट्रातील पुष्कळांच्या मनासारखे झाले नाही. पण त्या दिवशी गोमंतकाने ‘नाही’ म्हटले, आणि ते ऐकून घेतले गेले, म्हणूनच मंगेशीच्या देवळात महाराष्ट्रातून जाणारा माणूस आजही पाहुण्याच्या मानाने जातो, आणि त्या घराचे दार त्याला मोकळेपणाने उघडले जाते. ओढून आणलेल्या एकीपेक्षा हा शेजार अधिक काळ टिकणारा आहे, असे मला वाटते.